सातव्या वहीतली मोकळी जागा

बाई,

काल चार वाजता मी सवयीनं कोरी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढून बसले. समोर कोणी नव्हतं. होस्टेलच्या खोलीत माझ्यासमोर भिंत आहे, भिंतीवर खोलीतल्या मुलीचं परीक्षेचं वेळापत्रक आहे. पाच-दहा मिनिटं मी त्या वेळापत्रकाकडं बघत राहिले. मग टोपण लावलं.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. गेलं दीड वर्ष तुम्ही सांगाल तेच मी लिहीत होते. आता सांगणारं कोणी नाही, म्हणून एक साधं वाक्य लिहायलाही भीती वाटते. चुकलं तर चुकू दे. तुम्ही वाचून दाखवायला लावणार नाही.

तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी खाटेवर बसून होते. खोलीतली मुलगी म्हणाली, "कोण वारलं गं?"

"बाई."

"शाळेतल्या?"

"न्हाई. मी त्यांचं लिहायची."

"म्हंजे नातं काय?"

ती वाईट मुलगी नाही, तिनं मला चहा आणून दिला. पण आजी, मावशी, आत्या यांतलं काहीच तुम्ही नव्हता, आणि ज्या दुःखाला नाव नाही ते कुणाजवळ बसून करायचं हे मला कळत नाही. घरी फोन केला तर आई म्हणाली, "लई वय झालं होतं ना त्यांचं." मी हाव म्हटलं.

मी तुमच्याकडं आले ती लेखनिक म्हणून. कंधारला अकरावीत असताना मी बारावीच्या एका अंध मुलाचे पेपर लिहिले होते. पुढं नांदेडला आले तेव्हा कॉलेजच्या सरांना ते माहीत होतं. त्यांनीच तुमचा पत्ता दिला. तुम्ही पलंगावर टेकून बसला होतात, आणि उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला होता, कुणाच्या तरी लहान लेकराचा धरावा तसा.

"हात ऐकत न्हाई माझा," तुम्ही म्हणालात. "अक्षरं काढायला गेलं की मुंग्या पळाल्यासारखं होतंय. कादंबरी लिहायची हाय. भीतीची. येतं का तुला?"

मी म्हटलं, "मी फक्त सांगितलेलं लिहिते."

मग तुम्ही मला त्या पेपरबद्दल विचारलंत. मी सांगितलं की इतिहासाच्या पेपरात एक उत्तर तो मुलगा चुकीचं सांगत होता. मला बरोबर उत्तर येत होतं. समोर पर्यवेक्षक नव्हते. तरी मी चुकीचंच लिहिलं, कारण पेपर त्याचा होता.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. म्हणालात, "उद्या ये. चारला."

तेव्हापासून आपली पद्धत ठरली. तुम्ही एक परिच्छेद सांगायचात. मग म्हणायचात, "वाच." मी वाचायची. पटलं तर तुम्ही म्हणायचात, "हाव." तुमचं हाव आलं की मी खालच्या ओळीवर जायची. हाव आलं नाही तर पेन वर धरून थांबायची. कधीकधी अर्धा-अर्धा तास. त्या शांततेत स्वयंपाकघरातल्या नळाचं थेंबथेंब पाणी ऐकू यायचं. मला ते आवडायचं, हे मी कधी बोलले नाही. एवढ्या शांततेत कुणासोबत बसायची सवय मला नव्हती. आमच्या घरात दोन खोल्यांत आम्ही सातजण.

तुमची कादंबरी औशाजवळच्या एका बंद पडलेल्या दाळ मिलमध्ये घडत होती. मिलच्या मागं मालकाचं घर आणि घरामागं शेत. शारदा नावाची मुलगी वीस वर्षांनी तिथं परत येते. घरातल्यांनी तिला लहानपणी सांगितलेलं असतं की काशीकाकू तापानं गेली, घरातले सगळे उशाशी होते, आणि उन्हाळा म्हणून माहेरच्यांची वाट न बघता त्याच दिवशी तिला शेतात मूठमाती दिली. पण मिलमधली एक खोली अजून कुलपात असते. आणि आत, टरफलांच्या पोत्यांमागं, दाराला आतल्या बाजूनं नखांचे ओरखडे असतात.

पहिल्या वहीत तुम्ही त्या मिलमध्ये घुबड घातलं होतं. मी घाबरत घाबरत म्हटलं, "बाई, दाळ मिलमध्ये घुबड कशाला येईल? उंदीर आसतेल."

"तू लिही गं. वाचक घाबरला पायजे."

"मी घुबडापेक्षा उंदराला जास्त घाबरते."

तुम्ही हसलात. खोकला येईपर्यंत हसलात. मग म्हणालात, "घाल उंदीर. घुबडाला दे उडवून." तो माझा पहिला शब्द तुमच्या वहीतला. पण तोही तुम्ही सांगितलेलाच होता, म्हणून मला चाललं.

पाचव्या वहीत ते पान आलं. तुम्ही ते आधीपासून मनात तयार ठेवलं होतं, हे तुमच्या आवाजावरून कळत होतं. शारदा काकूच्या समाधीपाशी जाते. तुमच्या लोकांत माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवतात आणि बसल्या अवस्थेत पुरतात. म्हणून खड्डा चौकोनी आणि खोल असतो, त्यावरचा चौथराही चौकोनी. काकूचा चौथरा चौकोनीच आहे. पण त्याच्या एका बाजूची जमीन, चौथऱ्याच्या बाहेर तीन-चार हातांपर्यंत, खचलेली आहे. शारदाला कळतं. खालचा खड्डा लांब आहे. काकूला झोपवून पुरलंय. आणि झोपवून का पुरलं, तर ताठलेलं शरीर बसत नाही. म्हणजे उशाशी कोणी नव्हतं. काकू त्या कुलपातल्या खोलीत एकटी गेली, आणि कुणाला तरी ती फार उशिरा सापडली.

लिहिताना माझ्या अंगावर काटा आला. तुम्हाला तो दिसला. तुम्ही खूश झालात. पुढचं वाक्य सांगितलंत, "ही गोष्ट फक्त तिघांना ठाऊक होती. काकांना, आजीला आणि मिलच्या मुनीमाला." आणि म्हणालात, "वाच."

मी वाचलं. तुम्ही हाव म्हणालात. मी मात्र खालच्या ओळीवर गेले नाही.

"काय झालं? बसून का राहिलीस?"

"बाई, खड्डा कोणी खांदला?"

"म्हंजे?"

"काका, आजी आन् मुनीम... यांनी तर खांदला नसंल ना. कुणाला तरी बोलावलं आसंल. चौकोनी नको, लांब खांद म्हणून सांगितलं आसंल. मग त्याला कळलं आसंल. त्यानं घरी जाऊन सांगितलं आसंल. मग तिघांनाच कसं..."

तुम्ही खिडकीकडं तोंड केलंत. नळाचं पाणी ऐकू येत होतं. मग म्हणालात, "आज जा तू."

पंधरा दिवस तुमचा फोन आला नाही. मी रोज चार वाजता मोबाईल हातात घेऊन बसायची. मला वाटलं, मी लेखनिकाची मर्यादा सोडली. पेपर तुमचा होता.

पण मी तो प्रश्न डोक्यानं विचारला नव्हता. माझ्या आज्याच्या बापानं आमच्या गावात असे खड्डे खांदले होते. सांगावा पोचवायचा, सरपण फोडायचं, खड्डा खांदायचा, हे आमच्याकडं असायचं. बौद्ध झाल्यावर घरानं ते सोडलं. आज्या लहान असताना बापाच्या मागं टोपलं घेऊन जायचा, म्हणून त्याला सगळं माहीत आहे, खोली किती, आत बसवायला कोनाडा कोणत्या अंगाला. दुसऱ्या कुणी तुमची कादंबरी वाचली असती तर त्याला ओरखडे दिसले असते. मला खड्ड्यात उतरलेला माणूस दिसला.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही माझं गाव विचारलंत, वडील काय करतात विचारलंत, आडनाव कधी विचारलं नाही. तुमच्या स्वयंपाकघरात मी हातानं चहा करून घेत होते. सुरुवातीला मला ते तुमचं मोठेपण वाटलं. त्या पंधरा दिवसांत वाटलं की मोठेपण नसेल, विचारायची भीती असेल. आता तुम्ही नाहीत, त्यामुळं हे मला कधीच कळणार नाही. आपलं हे भांडण झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

सोळाव्या दिवशी तुम्ही बोलावलंत. मी वही उघडली. तुम्ही म्हणालात, "मिट ती. आज लिहायचं न्हाई, ऐकायचं."

आणि तुम्ही सांगितलंत. काशीकाकू खरी होती, नाव वेगळं. तुम्ही आठ वर्षांच्या होतात. तुम्हाला मिलच्या माडीवर कोंडून ठेवलं होतं, पण माडीच्या जाळीतून शेत दिसायचं.

"मी बघितला तो खड्डा," तुम्ही म्हणालात. "लांब. तेव्हा काय कळतंय. नंतर कळलं. बावीस वर्षांची आसताना कळलं आन् तेव्हापासून घरी कुणालाच इचारलं न्हाई मी. सहा दशकं म्हणलं, लिहीन एक दिवस." मग म्हणालात, "आन् खांदणारा माणूस पण बघितला मी. तास दीड तास बघत होते. काकूच्या बांगड्यांचा रंग आठवतो मला. आज्जीच्या लुगड्याचे काठ आठवतेत. त्याचं तोंड आठवत न्हाई पोरी. तू इचारलंस तेव्हापासून आठवून बघायले. न्हाईच."

मला तेव्हा बोलायचं होतं. आमच्या आज्याचं सांगायचं होतं. तुमचा हात फार थरथरत होता, मी तो धरला आणि म्हटलं, "चहा करू का?"

एवढंच म्हटलं मी, बाई.

त्यानंतर आपण दोन वह्या लिहिल्या. त्या प्रश्नाबद्दल तुम्ही बोलला नाहीत, मीही नाही. तिघांनाच ठाऊक होतं, हे वाक्य तसंच राहिलं. माझी परीक्षा जवळ आली तेव्हा तुम्ही सातही वह्या एका कापडी पिशवीत घालून माझ्याकडं दिल्यात. "घेऊन जा. पहिल्यापासून वाच. मी जरा हात लावलाय."

पिशवी मी खोलीतल्या खिळ्याला अडकवली. परीक्षा होती. घरात पहिलीच शिकणारी मी, नापास झाले तर धाकट्या बहिणीचंही शिक्षण थांबेल, ही भीती मला कायम असते. तुमचा फोन आला.

"वाचलंस का?"

"पेपर झाले की वाचते बाई."

"बरं," तुम्ही म्हणालात.

ते शेवटचं. पिशवी बारा दिवस खिळ्याला होती.

तुम्हाला औशाला नेलं हे सरांकडून कळलं. नांदेडहून लातूर, लातूरहून औसा. दुपारी एकला पोचले. घर शोधावं लागलं नाही, माणसं दिसत होती. ओसरीत तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. मांडी घातलेली. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात फुलं, दोन्ही हात मांडीवर. मी हे सगळं तुमच्याच तोंडून ऐकून लिहिलं होतं, तरी माझी तयारी नव्हती. तुम्ही सांगायला बसायचात तशाच बसला होतात. मला वाटलं, आता म्हणाल, कुठवर आलो होतो गं?

हात थरथरत नव्हता, एवढाच फरक.

एका बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी बाईंचं लिहायची."

"काय लिहायचीस?"

मी काही बोलायच्या आत त्यांना कुणीतरी हाक मारली. मग मी भिंतीकडंला उभी राहिले. शेतात गेल्यावरही मागंच उभी राहिले. खड्डा जेसीबीनं घेतला होता, आतला कोनाडा मात्र एक माणूस फावड्यानं करत होता. खड्डा चौकोनी होता. मी मुद्दाम बघितलं. बेलाची पानं आली, मीठ आलं. तुम्हाला आत बसवलं. सगळे तुमच्याकडं बघत होते, मी त्या माणसाकडंही बघत होते. डाव्या भुवईवर जुना व्रण होता. मिशी पांढरी. बनियनवर पाठीत घामाचा पट्टा. तो वर आल्यावर मी त्याला नाव विचारलं.

"कशाला पायजे?"

"असंच."

त्यानं सांगितलं. हसला पण थोडा. त्याला आजवर कुणी विचारलं नसावं.

त्या रात्री होस्टेलवर येऊन मी पिशवी खाली काढली.

तुम्ही हात लावला होतात, बाई. माझ्या सरळ ओळींच्या कडेला, समासात, तुमची ती मुंग्यांची अक्षरं. एकेक शब्द लावायला मला वेळ लागला. पहिल्या वहीत, "तेव्हा फाटकापाशी एक माणूस टिकाव घेऊन उभा होता." दुसऱ्या वहीत, "टिकाववाल्यानं पाणी मागितलं. आजीनं वरून ओतलं." चौथ्या वहीत, "त्याला लांब खांद म्हणून सांगितलं. त्यानं एकदाच वर बघितलं." पाचव्या वहीत तिघांच्या वाक्यावर आडवी रेघ होती, इतकी दाबून की कागद फाटला होता. सहाव्या वहीत तो घरी जातो, बायको विचारते, आणि तो हात धुतो, खूप वेळ धुतो.

आणि सातव्या वहीच्या शेवटी, "त्याचं नाव". पुढं अर्धी ओळ मोकळी. मग "होतं" आणि पूर्णविराम.

वाचलंस का, हे तुम्ही यासाठी विचारलं होतं.

दोन दिवसांनी तुमच्या भाच्याचा, महेशदादांचा फोन आला. आत्याच्या वह्या तुमच्याकडं हायेत का, म्हणाले. आवाजात राग नव्हता. "घरच्या घरात राहिलेलं बरं. भुताची गोष्ट हाय ना ती?"

"न्हाई दादा. भूत न्हाई त्यात."

"मग काय हाय?"

"एक बाई हाय. आन् एक माणूस."

ते म्हणाले, "आणून द्या."

वह्या द्यायच्या होत्याच, त्या तुमच्या घरच्या. पण ती मोकळी जागा तशीच कपाटात जाणार होती. मी रविवारी गावी गेले आणि आज्यासमोर बसले. म्हटलं, आज्या, तुझ्या बापाचं नाव टाकू का तिथं? मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. त्यानं बराच वेळ सुपारी कातरली.

"माझा बाप तिथं होता का?"

"न्हाई."

"मग खोटं हुतंय की ते." सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाला, "त्यांच्या गावातलाच कुणीतरी आसंल. नाव आसणारच त्याला. जाऊन इचार. आम्हाला सगळं ठाव आसायचं, इचारत कोण होतं?"

परवा मी औशाला गेले. महेशदादा शेतावरच होते. त्यांच्याकडं नामदेवमामा म्हणून एक म्हातारे राखणदार आहेत, आयुष्य तिथंच गेलेलं. दादा फोनवर बोलत बांधाकडं गेले तेव्हा मी मामांना विचारलं. पुष्कळ वर्षांपूर्वी, मिल चालू होती तेव्हा, इथं एका बाईसाठी लांब खड्डा खांदला होता. कोणी खांदला होता?

त्यांनी आठवायलाही वेळ घेतला नाही.

"लिंबाजीनं. आमच्या आळीतल्या. लेकरं आता पुण्याला आसतेत त्याची. का गं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या आळीला ठाव होतं की. माझी माय सांगायची. लिंबाजी चार दिवस जेवला न्हाई म्हणून." मग मिलच्या बाजूला मान वळवून म्हणाले, "ह्यांच्या घरातच बोलत नसतेत."

दोन मिनिटं लागली, बाई. तुम्ही जाळीतून बघितलेल्या त्या माणसाचं नाव फाटकाबाहेर आळीत सत्तरच्या वर वर्षं होतं, आणि ते मिळायला दोन मिनिटं लागली. मला रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. तुमचा, माझा, त्या बारा दिवसांचा. एका फोनवर तुम्हाला सांगता आलं असतं.

दादा परत आले. मी म्हटलं, एक शब्द राहिलाय, तो घालून देते. ते म्हणाले, "घाला की." मी सातवी वही घेऊन तुमच्यापाशी बसले. माती अजून भुसभुशीत आहे, चौथरा व्हायचाय. वरच्या हारांची फुलं वाळली होती. माझा हात चांगला आहे, कधी हलत नाही. त्या वेळी हलला. कुणी न सांगितलेला शब्द मी पहिल्यांदा लिहीत होते. अक्षर थोडं तुमच्यासारखं आलं.

मग आपल्या पद्धतीप्रमाणं मी ते वाचून दाखवलं. मोठ्यानं, कारण तुम्हाला हळू वाचलेलं चालायचं नाही.

"त्याचं नाव लिंबाजी होतं."

पेन वर धरून मी थांबले. बांधावर दादा उभे होते. पलीकडच्या रस्त्यावरून एक बस लातूरकडं गेली. मी अजून थोडी थांबले, तुम्ही कधीकधी उशिरा म्हणायचात म्हणून. मग खालच्या ओळीवर गेले.